आईसाठी सर्व्हर

घरात त्याला संशोधक म्हणत. नाव बाबांनी ठेवलं होतं, आणि कौतुकानं मुळीच नाही. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला कंपासपेटी घ्यायला दुकानात नेलं, तर त्यानं दुकानातल्या सगळ्या पेट्या उघडून-मिटून पाहिल्या, कुठली बिजागरी सैल नि कुठली घट्ट ते ठरवलं, आणि शेवटी "अजून एक दुकान बघू" म्हणून बाबांना रिकाम्या हातानं घरी आणलं. ती परीक्षा त्यानं शेजाऱ्यांच्या मुलाच्या पेटीवर दिली. आता त्याची पन्नाशी उलटली होती, डोक्यावर केस नावापुरते उरले होते, पण जित्याची खोड ती. मोजे घ्यायचे म्हटलं तरी आधी धाग्यांचे प्रकार वाचून व्हायचे. वहिनी म्हणायची, "लग्नाआधी यांनी मुलींचा तक्ता केला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत होत नाही."

धाकटी बहीण या विनोदावर सगळ्यात मोठ्यांदा हसायची. दादाचं संशोधन ही तिच्या लेखी घरची करमणूक होती. आईचे डोळे बिघडले त्या वर्षी तिचं हसणं बंद झालं.

आईनं उभा जन्म डोळ्यांच्या जिवावरच काढला होता. ती रफू करायची. लोक फाटलेले कोट, शाली, लोकरीचे स्वेटर घेऊन यायचे, आणि आई त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून भोक असं विणून टाकायची की मालकालाच दाखवावं लागे, कुठे फाटलं होतं ते. "दिसलं तर ते रफू नाही, ठिगळ," असं ती म्हणायची. आणि तिच्याच डोळ्यांचा पडदा आता मधोमध झिजत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी दादाला आत कागद भरायला बसवलं आणि धाकटीला बाहेर गाठलं. धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी, तिला आडवळणानं सांगायची गरज नव्हती.

"कडेचं दिसत राहील, मधलं जाईल," बाई म्हणाल्या. "इंजेक्शनांनी वेग कमी होतो, थांबत नाही. चेहरे सगळ्यात आधी जातात. त्यांच्या मनात काही बघायचं असेल ना, ते आत्ता उरकून घ्या. नंतर म्हणू नका."

आईच्या मनात एकच गोष्ट होती. बाबांना कॅमेऱ्याचं वेड होतं. छोट्या टेपांचं एक खोकं भरून त्यांनी घर चित्रित करून ठेवलं होतं: मुलांच्या सायकली, तळ्याकाठची सहल, वहिनीचा गृहप्रवेश झाला त्या दिवशीचा गोंधळ. पण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यामुळे सगळ्या टेपांत बाबा नुसते बोलताना ऐकू येणार, दिसणार कुठेच नाहीत. एका टेपेचा अपवाद. त्या दिवशी आईनं कॅमेरा हिसकावून घेतला होता आणि बाबांना खिडकीपाशी बसवून चित्रित केलं होतं. कॅमेऱ्याच्या भोकातून तेव्हा काळं-पांढरंच दिसायचं. पुढच्याच महिन्यात कॅमेरा पडून फुटला, टेपा खोक्यात गेल्या आणि काही वर्षांनी बाबाही गेले. आपण काय टिपलं ते आईनं कधी पाहिलंच नव्हतं.

"माझी टेप बघायचीय मला," ती म्हणाली. "त्या करड्या स्वेटरात बसलेत ते. कोपराला मी रफू केलं होतं. रंगात कसे दिसतात बघायचंय."

धाकटीनं बाईंचं म्हणणं दादाच्या कानावर घातलं आणि वेळ घालवला नाही. लग्नांचं चित्रण करणाऱ्या एका छायाचित्रकाराकडे तसल्या टेपा चालवणारं जुनं यंत्र होतं. त्यानं सगळं खोकं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. रविवारी दुपारी ती घरी आली तेव्हा आई आतल्या खोलीत पडली होती. उठली की टीव्हीला लावू, असं तिनं ठरवलं. तेवढ्यात दादा म्हणाला, "आण इकडे, आधी लॅपटॉपवर बघू," आणि तिनं दिला.

पडद्यावर बाबा आले. बोलायला लागले. बाबा हलले, आणि दादानं चित्र थांबवलं.

"हे बघ. तोंडावर आडव्या रेषा येतायत. मान वळवली की गाल दातेरी होतोय. आणि स्वेटरचा रंग बघ, भिंतीवर ओघळलाय नुसता."

"जुनी टेप आहे रे दादा."

"जुनी आहे म्हणून अशी दाखवायची? अगं, ती पहिल्यांदा बघणार आहे हे. पहिल्यांदा एकदाच असतं, छोटे. तिच्या डोळ्यांत हेच चित्र राहणार. मी हे नीट साफ करतो. आणि असा पेन ड्राइव्ह काय लावायचा दरवेळी? हरवतो, खराब होतो. घरात एक सर्व्हर बसवू. आईनं रिमोटचं एक बटण दाबलं की बाबा समोर. मला पंधरा दिवस दे."

तिनं दिले. का दिले, याचं उत्तर ती पुढे कित्येक महिने स्वतःला देत राहिली. आई दादाकडे राहत होती, दवाखान्याच्या खेपा तोच घालत होता, डोळ्यांत थेंब वहिनी घालत होती. आपण रविवारी येऊन चहा पिऊन जाणार, आपण कुठल्या तोंडानं हट्ट धरायचा? शिवाय बाबा गेल्यापासून दादाचे डोळे असे चमकलेले तिनं पाहिले नव्हते. तिला त्याची माया आली. त्या मायेचा तिला नंतर सगळ्यात जास्त राग आला.

सर्व्हर म्हणजे काही आकाशातली वस्तू नाही. घरातलाच एक संगणक, जो कायम चालू राहतो. त्यात व्हिडिओ ठेवायचे, आणि टीव्हीनं मागितले की त्यानं पाठवायचे. तासाभराचं काम, एखाद्या जुन्या यंत्रावर. आणि जुनं यंत्र घरात होतंही. दादाच्या कचेरीतून मोडीत निघालेला एक डबा माळ्यावर पडला होता. तो खाली आला, पुसला गेला, चालू झाला. त्याचा पंखा घरघरला.

"हा नाही चालणार," दादा म्हणाला. "आईची खोली भिंतीपलीकडे आहे. तिची झोप मोडेल."

मग बिनपंख्याची यंत्रं शोधणं आलं. एक मिळालं, तळहाताएवढं, गुणी. पण त्यात एकच हार्ड डिस्क बसायची आणि दादाला दोन हव्या होत्या, एकीवर जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवर, म्हणजे एक मेली तरी बाबा शाबूत. मग दोन डिस्कांचा डबा. डिस्का आल्या, तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच कारखान्यात बनलेल्या निघाल्या. दादानं कुठेशी वाचलं होतं की एका घाण्यातल्या डिस्का एकदमच मरतात. त्यानं एक परत पाठवली आणि दुसऱ्या घाण्यातली मागवली. ती यायला महिना लागला. त्या महिन्यात त्यानं मेमरीचा विषय काढला. साध्या मेमरीत म्हणे लाखात एखादा ठिपका चुकू शकतो. चुका स्वतः दुरुस्त करणारी मेमरी असते, पण ती या डब्यातल्या मदरबोर्डवर चालत नव्हती. म्हणजे बोर्ड बदलणं आलं. बोर्ड बदलला की डबा बदलणं आलं. नमनालाच घडाभर तेल गेलं आणि नाटकाचा पडदा काही वर जाईना.

आईला बघायची होती एक टेप. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच.

"काय रे, कारखाना सुरू झाला का तुझा?" आई विचारायची.

"प्रोसेसर ठरला आई, या आठवड्यात. नवा घेतोय. चित्र जागच्या जागी टीव्हीजोगं करून देतो, आणि वीज एका दिव्याएवढीसुद्धा खात नाही."

"असू दे, असू दे. मी कुठे पळून चाललेय."

पळत काय होतं ते धाकटीला दर रविवारी दिसत होतं. एका रविवारी आईनं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, हल्ली छपाई फार भिकार करतात. पुढे कधीतरी सुईत दोरा ओवून दे म्हणाली. तिनं, जिनं अंधारात दोरे ओवले होते. मग एकदा चहा कपाच्या शेजारी ओतला, आणि "टेबल पुसायलाच झालं होतं," असं म्हणून हसली. आई तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. उसवलेलं आतल्या बाजूनं शिवायची तिला सवय होती. दादाला ते दिसत नव्हतं. तोच तिला प्रत्येक इंजेक्शनला घेऊन जायचा, मायेनं हात धरून जिना उतरवायचा, आणि आत आईच्या डोळ्यात सुई जात असताना बाहेर बाकावर बसून फोनवर पंख्यांचे आवाज ताडून बघायचा.

धाकटीचा धीर सुटला तो आईनं तिला वहिनी समजून हाक मारली त्या दिवशी. ती तडक दादाच्या खोलीत गेली.

"पेन ड्राइव्ह दे माझा. आत्ता लावते टीव्हीला. रेषा दिसू देत नाहीतर वेलबुट्टी दिसू दे."

दादानं खण उघडला, पेन ड्राइव्ह काढला आणि हातात धरून उभा राहिला. "यावर आता लिनक्स आहे," तो म्हणाला. "सर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम. तो घालायला रिकामा पेन ड्राइव्ह लागत होता, म्हणून पुसला. पण फाइल्स आहेत ना! माझ्या लॅपटॉपवर आहेत. केसालाही धक्का लागलेला नाही."

"मग लॅपटॉप उचल आणि आईच्या मांडीवर ठेव."

"सफाई चालू आहे गं त्यावर. एकेक चित्र धुऊन निघतंय. मधेच थांबवलं तर पहिल्यापासून. फक्त पुढच्या रविवारपर्यंत थांब. बाबांची शपथ."

तो लॅपटॉप टेबलावर तापून बसला होता. बंद करून उचलायला कितीसं बळ लागलं असतं? पण दादाच्या कपाळावर घाम आला होता, आवाज लहान मुलासारखा झाला होता, आणि भिंतीपलीकडून आईनं विचारलं, "भांडताय काय रे दोघं?" दोघांनीही एकदम "नाही" म्हटलं. आपलेच दात नि आपलेच ओठ. धाकटी तिथून निघाली ती छायाचित्रकाराच्या दुकानात गेली. टेपा परत उतरवून घेऊ, दादा गेला खड्ड्यात. तर त्यानं ते जुनं यंत्र भंगारात देऊन टाकलं होतं.

पुढचा रविवार आला आणि गेला. आता सॉफ्टवेअरचं संशोधन निघालं होतं. लिनक्स एक नव्हे, छप्पन्न निघाल्या. एक फार नवी म्हणून नको, एक फार जुनी म्हणून नको. दादानं एक घातली, आठवडाभर वापरली, पुसली, दुसरी घातली. इंटरनेटवरच्या एका चर्चेत कोणा अनोळखी माणसाशी त्याचं डिस्कच्या मांडणीवरून कडाक्याचं वाजलं, आणि तो वाद जिंकण्यात बरेच दिवस गेले. मग टीव्हीवर व्हिडिओ मांडून दाखवणारा प्रोग्रॅम ठरला. त्यानं आपणहून इंटरनेटवर जाऊन प्रत्येक टेपेला कुठल्या ना कुठल्या सिनेमाचं चित्र चिकटवलं. तळ्याकाठच्या सहलीवर मगर आली. बाबांच्या टेपेवर पिस्तूल घेतलेला एक दाढीवाला आला. वहिनी पोट धरून हसली, धाकटीला हसू आलं नाही. दादा प्रत्येक टेपेसाठी सुबक चित्र आणि माहिती हातानं भरत बसला: ठिकाण, प्रसंग, दिग्दर्शक. बाबांच्या टेपेवर त्यानं दिग्दर्शक म्हणून आईचं नाव घातलं आणि ते अक्षर कुठल्या वळणाचं असावं यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली.

आणि मग एका रविवारी त्याचा फोन आला. "ये. झालं."

खरंच झालं होतं. टीव्हीखालच्या कप्प्यात एक काळा डबा बसला होता, कान लावला तरी आवाज नाही. दादानं नवा शर्ट घातला होता. आईला मधल्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली, हातात रिमोट दिला. मग तो उभा राहिला आणि त्यानं दोन डिस्कांबद्दल, न चुकणाऱ्या मेमरीबद्दल सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. "हुशार आहेस," ती म्हणाली, आणि अंगठा बटणावर नेला. बटण तिला सापडेना. धाकटीनं तिचा अंगठा धरून नेमका ठेवला.

पडदा उजळला. खिडकी, खिडकीतलं ऊन, आणि बाबा. रेष नाही, डाग नाही, ओघळ नाही. काल काढल्यासारखे बाबा, हनुवटीवरच्या खुंटांसकट. दादानं जे म्हटलं ते केलं होतं, हे धाकटीला मान्य करावं लागलं.

"लाल दिवा लागलाय ना गं?" बाबा पडद्यावरून म्हणाले. "नाहीतर मी भिंतीशी बोलतोय."

आईनं मान वळवली. टीव्हीकडे नव्हे, दाराकडे.

"आई, इकडे," दादा म्हणाला. "टीव्ही इकडे आहे."

"कळतंय मला."

"मग तिकडे काय बघतेस? इकडे बघ ना!"

"तिकडे बघितलं की ते नाहीसे होतात," आई म्हणाली. "असं दाराकडे बघितलं की खांदा तरी राहतो कोपऱ्यात."

बाबा पडद्यावर हसत होते. दादा तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिला, जणू ही बातमी त्याला आत्ता कोणीतरी परदेशातून कळवली होती. मग त्यानं तेच केलं जे त्याला येत होतं. त्यानं रिमोट घेतला.

"थांब. मोठं करतो." बाबांचा चेहरा वाढत वाढत अख्खा पडदा भरून गेला. "आता?"

आईनं हळूहळू मान इकडे केली, तिकडे केली. "आता खांदाही गेला," ती म्हणाली.

चित्र पुन्हा लहान झालं. पडद्यावर बाबांनी हात दुमडून कोपर कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे बघा, आमच्या घरच्या कारागिरांचं काम. सांगा पाहू, कुठे फाटलं होतं?"

आई खुर्चीत एकदम सरळ झाली. "कोपर दाखवतायत ना? दिसतंय का रे रफू?"

धाकटीनं बघितलं. विणीच्या सरळ रांगांत एका नखाएवढ्या जागी धागे किंचित वेगळे वळले होते. त्या पहिल्या, ओघळलेल्या, दातेरी चित्रात ते ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. ती "नाही" म्हणायला तोंड उघडणार, तोच दादा पुढे झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी त्याला त्याच्या कामाबद्दल नेमका प्रश्न विचारला होता.

"दिसतंय तर! स्पष्ट दिसतंय आई! धागा न् धागा मोजून घे!"

आईचे हात मांडीवर होते. तिनं एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं धरली.

"म्हणजे जमलं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, जमलंय."

धाकटीच्या मनात त्या क्षणी दादाबद्दल जे आलं ते सख्ख्या भावाबद्दल येऊ नये. हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. वाईट माणसाच्या हातून तिनं लॅपटॉप हिसकावून घेतला असता. याच्या चांगुलपणापुढे ती दर रविवारी चप्पल घालून मुकाट घरी गेली होती. बैल गेला नि झोपा केला, आणि त्या झोप्याला न चुकणारी मेमरी.

दादाला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. तो खाली बसला आणि लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. "आई, कडेनं बघणाऱ्यांसाठी काहीतरी असतं. रंग गडद करून, चित्र एका बाजूला सरकवून... मी बघतो. मला जरा..."

"पंधरा दिवस नको आता," आई म्हणाली. रागावून नाही, दमून. "चित्र बंद कर. नुसता आवाज राहू दे त्यांचा."

"नुसता आवाज," दादा म्हणाला. त्यानं रिमोट उलटासुलटा केला. "टीव्हीचा पडदा बंद ठेवून आवाज... या प्रोग्रॅममध्ये तसं सेटिंग सापडत नाही. वेगळा घालावा लागेल. दोन-तीन आहेत, त्यातला कुठला बरा ते..."

धाकटी उठली. खुर्चीच्या पाठीवर वहिनीनं वाळत टाकलेला पंचा होता. तिनं तो ओढला, झटकला आणि टीव्हीवरून खाली सोडला. खिडकी गेली, ऊन गेलं, कोपर गेलं. पंच्यामागून बाबांचा आवाज येत राहिला, पहिल्या दिवशी लॅपटॉपवर आला होता तसाच, तसूभर कमी नाही नि जास्त नाही.

"किती वेळ धरणार आहेस? हात दुखतील. लाल दिवा तरी लागलाय का?"

आईनं दाराकडची मान वळवली आणि ती पंच्याकडे तोंड करून सरळ बसली.

"लागलाय हो," ती म्हणाली. "बोला तुम्ही."